जलसंधारणाची कामे व त्यांचे शिक्षण

दिवाळी उलटून रब्बीच्या पेरण्या आटोपत आल्या म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्यात गावोगाव पुढील सालच्या कामांच्या मागण्या लिहिल्या जाऊ लागतात. कोणी नाल्यावर सिमेंटचा बंधारा मागतो, कोणी जुन्या पाझर तलावातील गाळ काढून हवा म्हणतो, कोणास डोंगराच्या उतारावर चर हवे असतात, आणि शेततळे तर प्रत्येकासच हवे असते. अशा मागण्यांच्या याद्या आम्ही नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिल्या व पुष्कळ नकलून काढल्या. त्यांत दगड, माती, सिमेंट व मजुरी यांचा हिशेब पैशापर्यंत असे; परंतु हे काम पुढे चालविण्यासाठी गावातील चार माणसे शिकवून आणावी, अशी एक ओळ लिहिणारे गाव आमच्या पाहण्यात क्वचितच आले. जलसंधारणाची कामे बिघडतात ती बहुतकरून ह्या न लिहिलेल्या ओळीपायी, असे आमचे मत झाले आहे, व तेच आज सभासद बंधुभगिनींपुढे सविस्तर मांडावयाचे योजिले आहे.

आम्ही अभियंते नव्हे. मराठी शाळेतील शिक्षण व महसूल खात्यातील कारकुनी एवढेच आमचे भांडवल. परंतु कारकुनास एक गोष्ट दिसते ती पुष्कळदा साहेबांस दिसत नाही; ती ही की, कामाचा कागद कोठे संपतो. मोजमाप पुस्तकावर सही झाली, बिल निघाले, म्हणजे फाइल निकाली निघून दप्तरात बांधली जाते. तलावाचे आयुष्य मात्र त्याच दिवशी सुरू होते, आणि त्या आयुष्याची फाइल कोणीच उघडीत नाही. एका गावची हकीगत सांगतो. गावाचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथील पाझर तलावाच्या सांडव्याचे काही दगड एका मोठ्या पुरात निसटले. दुरुस्तीस दोन ब्रास दगड व चार माणसांची तीन दिवसांची मजुरी पुरली असती. गावाने एका कचेरीस लिहिले. तिने ते काम दुसरीचे म्हणून कळविले. दुसरीने तिसरीकडे बोट दाखविले. ह्या लिहालिहीत दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी सांडव्याच्या बगलेतून घुसून बांधच फुटला व खालच्या शेतांवर गाळ आणि दगडगोटे पसरले. मग पंचनामे लिहावयास आम्हीच गेलो. त्या गावात गवंडी होते, दगड होता, मनुष्यबळ होते. सांडव्याकडे दर ज्येष्ठात एकदा पाहावे लागते, एवढे मात्र कोणी कोणास शिकविले नव्हते.

ही एकट्या गावाची गोष्ट असती तर आम्ही लिहिली नसती. जलयुक्त शिवार अभियानावर राज्यात सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले, आणि भूजलाची पातळी वाढविण्यात त्याचा परिणाम अल्पच झाला, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात नमूद केले. ह्या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला, आणि काही गावांस त्या कामांचा उत्तम गुण आला हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु एकाच नमुन्याचे काम एका गावास फळते व शेजारच्या गावास फळत नाही, तेव्हा दोष सिमेंटचा नसून दुसरीकडे कोठेतरी असला पाहिजे, हे उघड आहे.

आपल्याच जिल्ह्यात ह्या विद्येची एक जुनी शाळा होती. तिचे नाव फड. बागलाणात मोसम व आरम ह्या नद्यांवर, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, एकाखाली एक असे दगडी बंधारे तीन-चारशे वर्षांपासून बांधलेले आहेत. प्रत्येक बंधाऱ्यावरून एक पाट निघे, व त्या पाटाखालची जमीन थोरल्या थोरल्या तुकड्यांत वाटलेली असे. त्या तुकड्यास फड म्हणत. एका फडात एका हंगामी एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, आणि कोणता फड यंदा कोरडा ठेवावयाचा, हे पाणी पाहून सर्व बागायतदारांच्या बैठकीत ठरे. पाणी सोडण्यास पाटकरी, पीक राखण्यास जागल्या, आणि त्यांचा मेहनताना पिकातून. पावसाळ्यापूर्वी पाट साफ करावयाचा तो ज्याची जितकी जमीन तितक्या श्रमाने.

ह्या व्यवस्थेतील खरे शहाणपण एका साध्या गोष्टीत होते. बहुतेक प्रत्येक खातेदाराची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे दुष्काळाच्या साली एक फड कोरडा ठेवावयाचा ठरला तर नुकसान एकट्यादुकट्याच्या गळ्यात न पडता सर्वांस सारखे वाटले जाई, आणि म्हणूनच बैठकीत निवाडा होऊ शके. आज कालव्याच्या शिरोभागी ज्याची सगळी जमीन आहे तो शेपटाकडच्या माणसाचे दुःख ऐकून घेतो, परंतु समजत नाही. त्यास ते कधी भोगावेच लागत नाही. पुढे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, उसाची हाव वाढली आणि फड बहुतेक ठिकाणी मोडकळीस आले. बंधाऱ्यांचे दगड अजून जागेवर आहेत. नाहीशी झाली ती पाटकऱ्याची विद्या, कारण ती बापाच्या मागून पाटावर चालत शिकावयाची होती आणि कोणी ती लिहून ठेवली नव्हती.

लिहून ठेवून शिकलेल्या विद्येचे उदाहरण पाहावयाचे तर ओझरास जावे. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याच्या शेपटास ओझरची शिवारे येतात. कागदोपत्री ती भिजणारी. प्रत्यक्षात पाणी तेथवर पोचेना. अशा स्थितीत समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी तेथील शेतकऱ्यांस एकत्र करून महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि १९९१ च्या सुमारास त्यांनी पाण्याचा कारभार हाती घेतला. सरकाराकडून पाणी घ्यावयाचे ते एकरांच्या हिशेबाने न घेता घनमापाने, म्हणजे मोजून. आणि आत वाटावयाचे ते ज्याचे जितके क्षेत्र तितका वेळ. जास्तीचे पाणी त्यांनी बाणगंगेवरील बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या, आणि कालव्याच्या जिवावर जिची पातळी वाढली त्या विहिरीच्या पाण्यासही आकारणी लावली! विहीर माझी, मोटर माझी, वीज माझी, आणि पट्टी संस्थेस कशाची, असे म्हणणारे आपल्यापैकी पुष्कळ निघतील. ओझरच्या शेतकऱ्यांस ते पटविण्यास किती बैठका लागल्या असतील ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे वाघाडच्या सर्व लाभक्षेत्रात मिळून २४ संस्था झाल्या व २००३ साली त्यांच्या मध्यवर्ती संस्थेने सबंध प्रकल्पाचा कारभार अंगावर घेतला. २००५ साली महाराष्ट्रात सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा कायदा झाला. त्याने घनमापाची व पाणीवापर संस्थांची रीत सर्व राज्याकरिता घालून दिली.

आता ह्या मंडळींस शिकावे काय लागले? मोजपट्टीवरील आकडा वाचून प्रवाह काढणे. आवर्तनाचे तास क्षेत्रावर वाटणे. मागणी-अर्ज घेणे, पाळीपत्रक लावणे, पट्टी वसूल करणे, जमाखर्च लिहून वर्षाअखेर तो सभेस दाखविणे. आणि ज्याने पाळी मोडली तो आपला चुलता असला तरी त्यास दंड करणे. ह्यांतील शेवटची गोष्ट सोडली तर बाकी सारी विद्या कारकुनीची आहे. आमच्या जातभाईंची लोक फार थट्टा करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मापाची भीती पुष्कळांस वाटते. ती व्यर्थ आहे. एक एकर जमिनीवर एक इंच पाणी उभे केले तर ते सुमारे १ लाख ३ हजार लिटर होते. आणि पाटातून एक क्युसेक, म्हणजे सेकंदास सुमारे २८ लिटर, प्रवाह एक तास चालला तर जवळजवळ तितकेच, सुमारे १ लाख २ हजार लिटर, पाणी येते. म्हणजे एक क्युसेकचा एक तास आणि एका एकरावर एक इंच, हे हिशेबापुरते एकच. एवढे एक सूत्र पाठ असलेला पोरही कालव्याच्या काठी उभा राहून आपल्या पाळीचे पाणी पुरे आले की नाही ते सांगू शकेल.

आता सबंध गावाचा ताळा करून पाहू. इगतपुरीस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यात सिन्नर, येवला, नांदगाव ह्या बाजूस पाचशे-सहाशेवर भागवावे लागते. आपण पाचशेचे गाव घेऊ. शिवार १,००० हेक्टर, वस्ती २,०००, गुरे १,०००. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर; तेव्हा सबंध शिवारावर वर्षाकाठी ५०० कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून मन भरते. परंतु त्यातील पुष्कळसे वाफ होऊन व खरिपाच्या पोटात जाते, काही नाल्याने वाहून जाते, आणि आपल्या काळ्या कातळाच्या मुलुखात भूगर्भात मुरणारा भाग दहा टक्क्यांच्या आगेमागे धरतात. राहिले ५० कोटी. माणशी रोज ५५ लिटर धरून पिण्या-वापरण्यास ४ कोटी, गुरांस प्रत्येकी ४० लिटर धरून सुमारे दीड कोटी. हे वजा जाता शेतीस उरले ४४ कोटी ५० लाख. गव्हास हंगामात ४०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर धरले तर हे पाणी १११ हेक्टरांस पुरेल. उसास २,००० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर धरले तर फक्त २२ हेक्टरांस! हजार हेक्टरांच्या गावात बावीस हेक्टर उसाने साऱ्या गावच्या विहिरी रिकाम्या होतात, हे एकदा फळ्यावर लिहून दाखविले म्हणजे निराळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

आणि चरांचे काय? ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा सलग समतल चर धरला तर मीटरभर लांबीत १८० लिटर पाणी राहते. एक किलोमीटर चरात एका भरण्यास १ लाख ८० हजार. पावसाळ्यात तो पाच वेळा भरून मुरला असे मानू. म्हणजे ९ लाख लिटर. एक हेक्टर गव्हाचे पाणी मिळविण्यास ह्या हिशेबाने साडेचार किलोमीटर चर खणावा लागेल, आणि तोही मुरलेला थेंब न् थेंब आपल्याच विहिरीत येतो असे धरून. चर खणू नयेत असे आम्ही म्हणत नाही; ते माती धरतात, गवत वाढवितात, खालच्या बांधांचा गाळ कमी करतात, आणि माथ्याकडून पायथ्याकडे काम करीत यावे हा नियम खराच आहे. परंतु वरती श्रमदानाने पंचवीस किलोमीटर चर खणून खाली पाच-सहा हेक्टर ऊस नव्याने लावला, तर मिळविलेल्याच्या सुमारे पाचपट गेले, एवढे समजण्यापुरते गणित खणणाऱ्यास यावयास हवे.

शेततळ्याविषयी लिहिले तर आमचे द्राक्षबागाईतदार मित्र रागावतील, तरी लिहितो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात उतार धरून सुमारे २२ लाख लिटर पाणी राहते. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर जलसंधारण झाले. परंतु आपल्या बाजूस कागद टाकलेली तळी विहिरीचे व बोअरचे पाणी उपसून भरण्याची चाल फार आहे. जमिनीच्या पोटातील सर्वांच्या सामाईक पाण्यावर एकाने आपला कागद पसरला, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय चैत्र-वैशाखात दिवसास आठ मिलिमीटर पाणी उडाले तर एवढ्या तळ्यावरून रोज ७,२०० लिटर आकाशात जातात. बाग वाचविण्यासाठी दुसरा मार्ग नसतो हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु असे तळे गावच्या जलसंधारणाच्या आराखड्यात जमेच्या बाजूस लिहू नये. ते खर्ची घालावे.

हे सारे गणित करण्यास लागणारी सामग्री कोठून आणावी, असे पुष्कळजण विचारतात. बरीचशी तलाठ्याच्या दप्तरात पडलेली आहे. गाव नमुना सात-बारा सर्वांस ठाऊक आहे. परंतु नमुना अकरात सबंध गावच्या पिकांचा गोषवारा असतो व नमुना चौदात पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंद असते, हे किती शेतकऱ्यांस माहीत आहे? गावचा नकाशा घ्यावा व त्यावर नाले, विहिरी आणि जुने बांध रंगवावे. आमच्या वेळच्या मोजणीदारांची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली असे. एका साखळीचा चौरस म्हणजेच एक गुंठा. ज्यांनी ती शिवारात ओढली त्यांस प्रत्येक बांधाचा उतार पायाखाली ठाऊक असे. आता साखळी गेली, तरी गट नंबर राहिले आहेत. पिकांच्या नोंदीसाठी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व खातेदार स्वतः मोबाइलावरून नोंद करू लागला. ती नोंद विम्यापुरती किंवा अनुदानापुरती न करता खरी केली, तर गावच्या पाण्याचा अर्धा ताळेबंद त्यातूनच निघतो. आणि खोटी केली तर वरचे सारे आकडे पाण्यात.

आता शिकावे कोठे ते लिहितो. नाशकातच दिंडोरी रस्त्यावर मेरी ही संस्था १९५९ पासून आहे. परंतु ती अभियंत्यांची, धरणांच्या संशोधनाची. शेतकऱ्यास व पाणीवापर संस्थेच्या पदाधिकाऱ्यास जल व भूमि व्यवस्थापन संस्था अधिक उपयोगी. १९८० साली स्थापन झालेली, वाल्मी ह्या नावाने प्रसिद्ध असलेली ही संस्था छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) पैठण रस्त्यावर आहे. भूगर्भातील पाण्याविषयी विचारावयाचे तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा कचेरी आहे. २०१९ च्या डिसेंबरात आरंभिलेल्या अटल भूजल योजनेत राज्याच्या १३ जिल्ह्यांत नाशिकही होते, व त्यात निवडलेल्या गावांनी आपला पाण्याचा आराखडा आपण करावयाचा होता. तसे आराखडे केलेले एखादे शेजारचे गाव असेल तर त्यांची वही मागून पाहावी. पिकांस पाणी किती व केव्हा द्यावे हे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

सिन्नरकरांस सर्वांत जवळची शाळा शेजारच्या संगमनेर तालुक्यात दरेवाडी येथे आहे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे धर्मगुरू आयुष्यभर आपल्या मुलखात राबले. त्यांच्या प्रेरणेने १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली व तिने दरेवाडीस शिक्षणकेंद्र उभारले. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात ठेवलेली एक रीत आम्हांस फार आवडली. गावास एकदम सारे काम द्यावयाचे नाही. प्रथम शिवाराच्या एका लहान तुकड्यावर काम करावयाचे. तेवढ्यात मापे घेणे, मजुरी वाटणे, हिशेब लिहिणे, भांडणे तोडणे हे सर्व गावाने शिकावयाचे. आणि ते जमले तरच उरलेल्या शिवारास हात घालावयाचा. आराखडाही कचेरीत बसून न करता गटागटावर जाऊन, त्या शेताचा धनी व धनीण दोघांस उभे करून त्यांच्या संमतीने करावयाचा. धनीण कशास, असे कोणी विचारील. पाणी डोक्यावरून आणणारीस झरा कोणत्या महिन्यात आटतो ते ठाऊक असते. धन्यास बहुधा ऐकून माहीत असते.

२०१६ ते २०१९ ह्या सालांत पानी फाउंडेशनने वॉटर कपाच्या स्पर्धा भरविल्या, तेव्हाही भाग घेणाऱ्या गावांतील निवडक माणसांस आधी निवासी शिक्षण दिले जाई, व मगच ती कुदळ-फावडे घेऊन शिवारात जात. पहिल्या वर्षी तीन तालुके होते, पुढच्या वर्षी तीस झाले. पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळी काढण्याची युक्ती त्यांनी अक्षरशत्रू माणसांस एका दुपारी शिकविली, आणि त्यांच्या चित्रफिती आजही कोणत्याही शाळेत लावून दाखविण्याजोग्या आहेत. तथापि स्पर्धा पंचेचाळीस दिवसांची. उत्साहाने खणणे त्या मुदतीत शिकता येते. खणलेले राखण्यास वर्षे लागतात, आणि तेथे बक्षीस नसते. तो दुसरा धडा हिवरे बाजारास मिळतो. नगर तालुक्यातील ह्या गावी पोपटराव पवारांच्या पुढारीपणाखाली दरवर्षी पाऊस मोजून व विहिरींची पातळी पाहून पाण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचले जाते, आणि त्यावरून रब्बीचा विचार ठरतो. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी गावाने आपणच घातली. पवारांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पाहुणे तेथे झाडे व तलाव पाहून परततात. ती अंदाजपत्रकाची पाटी उतरवून आणणारे थोडे.

परदेशी लोक हे कसे शिकवितात, हेही जाता जाता सांगतो. अरण्ये, नद्या व वन्य प्राणी राखणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनी एकत्र येऊन २००४ साली संवर्धनाच्या कामाचे खुले दंडक प्रसिद्ध केले व त्यात मागाहून वेळोवेळी सुधारणा केल्या. त्यांत पाच पायऱ्या आहेत : परिस्थिती समजून घेणे, काम व त्याचे माप दोन्ही आखणे, काम करणे, मापे पाहून बेत बदलणे, आणि शिकलेले दुसऱ्यास सांगणे. नावे नवी आहेत. फडाच्या बैठकीत पाणी पाहून यंदा कोणता फड कोरडा ठेवावयाचा हे ठरे, ती ह्यांतील चौथीच पायरी होय. आमच्याकडे बहुधा तिसरीच तेवढी होते.

पहिली पायरी का टाळू नये हे निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरावरून ध्यानी येईल. गोदावरी व कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला तो कालव्यांसाठी. त्यात गाळ साठत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि पाण्याची जागा जितकी घटली तितकी पक्ष्यांची वस्ती वाढली. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले, व २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. आता तेथला गाळ काढावा की ठेवावा? कालव्यावरचा शेतकरी काढा म्हणेल, पक्षी पाहावयास येणारे ठेवा म्हणतील, आणि काठच्या ज्या शेतकऱ्याचे उभे पीक पाखरे खातात त्याचे म्हणणे तिसरेच असेल. काय राखावयाचे व कोणासाठी, हे आधी ठरले नाही तर गाळ काढणारे यंत्र कोठे उभे करावे हेही ठरत नाही.

आपल्या संस्थेच्या प्रत्येक गावशाखेने यंदा बंधाऱ्याच्या मागणीबरोबर पाच नावे लिहावी अशी आमची सूचना आहे. पाचांत निदान दोन स्त्रिया असाव्या. एक चांगला हिशेब लिहिणारा असावा, एक शेपटाकडील जमिनीचा असावा, आणि एक असा असावा की ज्याचे गावात कोणी ऐकत नसले तरी तो रोज शिवारात हिंडतो. सरपंचांनी स्वतः जाण्याची गरज नाही. त्यांस प्रमाणपत्रे पुष्कळ मिळतात. जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च एका सिमेंट बंधाऱ्याच्या खर्चापुढे काहीच नव्हे.

ती परत येईपर्यंत गावाने एक काम सुरू करावे. त्यास कोणाची मंजुरी लागत नाही. गावातील सहा विहिरी निवडाव्या : दोन माथ्याकडील, दोन मधल्या, दोन पायथ्याच्या. भूजल यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे ह्या महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी घेते. त्याच महिन्यांत आपणही घ्यावी, म्हणजे दोन्ही आकडे ताडून पाहता येतील. पंप बंद करून एक रात्र गेल्यावर सकाळी माप घ्यावे. दोरास जड वजन बांधावे व मीटर-मीटरावर गाठी माराव्या. वहीत तारीख, विहिरीचा गट नंबर, पाण्यापर्यंतची खोली, आणि माप घेणाऱ्या दोघांच्या सह्या असाव्या. विहिरीचा काठ पुढेमागे कोणी विटा लावून उंच केला तर जुनी मापे नव्यांशी जुळत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी विहिरीच्या आतल्या बाजूस कातळावर तांबड्या रंगाची रेघ ओढावी, आणि दरवेळी दोर तेथपासूनच मोजावा.